घर घेताना एजंटचं कमिशन, रिबेट आणि क्लोजिंग कॉस्ट (अमेरिका, खास करून न्यू जर्सी)

उंबरठा
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमचं मिडलसेक्स काउंटीतलं टाउनहाऊस क्लोज झालं, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर आमच्या नावावर झालं. किंमत ६,२०,००० डॉलर, ५ टक्के डाऊन पेमेंट (आपल्या खिशातले, बाकी लोन). अकरा महिने शोधत होतो, चार ऑफर हातच्या गेल्या, त्यामुळे घर मिळाल्याचा आनंद आहेच. पण ऐन क्लोजिंगच्या आठवड्यात धरलेल्या हिशोबापेक्षा ९,३०० डॉलर जास्त उभे करावे लागले आणि ते टाळता आले असते हे अजून मनातून जात नाही. इथे बरेच जण घराच्या शोधात आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमचे एजंट मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले. आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. पहिलं घर दाखवायच्या आधी त्यांनी फोनवर अ‍ॅग्रीमेंट पाठवलं, बायर एजंटची (घेणाऱ्याच्या बाजूच्या एजंटची) फी अडीच टक्के, आणि म्हणाले सही करून टाका, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे, पैसे सेलरच देतो, वर माझ्यातला एक टक्का मी तुम्हाला परत देतो तो क्लोजिंगला लावू. मी म्हटलं तेवढं लिहून घेऊया का, तर म्हणाले आपल्या माणसांत कसलं लिहायचं. मग आम्हालाही कानकोंडं झालं, त्यांच्या बायकोनं आदल्याच आठवड्यात घरी जेवायला बोलावलं होतं. सही केली.

क्लोजिंगच्या आधीच्या मंगळवारी संध्याकाळी क्लोजिंग डिस्क्लोजर (सीडी, शेवटच्या हिशोबाचा कागद) आलं. मी मिक्सरवर इडलीचं वाटत होते, ओल्या हातानेच फोन घेतला. पहिल्या पानावर सगळ्यात खाली कॅश टू क्लोज, म्हणजे क्लोजिंगला आपण भरायची रक्कम असते, तो आकडा बघून मिक्सर बंद केला. आम्ही ३४,५०० च्या आसपास धरलं होतं, तिथे जवळजवळ ४३,८०० होते. नवऱ्याने लॅपटॉपवर दुसरं पान उघडलं. एच सेक्शनमध्ये रिअल इस्टेट कमिशन म्हणून दोन ओळी सेलरच्या कॉलममध्ये होत्या, आणि तिसरी ओळ, ३,१०० डॉलर, आमच्या कॉलममध्ये. तिसऱ्या पानावर आम्हाला मिळणाऱ्या क्रेडिटची (आपल्या हिशोबातून वजा होणाऱ्या रकमेची) जागा असते तिथे सेलरचे ५,००० दिसत होते (इन्स्पेक्शनमध्ये वॉटर हीटर आणि छताचं निघालं त्याचे), पण एजंटच्या एक टक्क्याचा पत्ता नाही.

झालं असं की सेलरने बायर एजंटला दोनच टक्के कबूल केले होते. आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये अडीच. मधला अर्धा टक्का म्हणजे ३,१००, तो आमच्यावर आला. आणि जो एक टक्का, ६,२००, परत मिळणार होता तो मिळालाच नाही. दादा म्हणाले त्यांचा ब्रोकर (ज्याच्या हाताखाली ते काम करतात तो) मान्य करत नाहीये. आमच्या वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या न्यू जर्सीत रिबेट (कमिशनातला परत द्यायचा भाग) सुरुवातीलाच लेखी ठरवलेलं असावं लागतं, आता त्या काही करू शकत नाहीत. मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून भरले.

मला त्या माणसाला बोल लावायचा नाही, त्याने घरं दाखवायला खरंच मेहनत घेतली, पावसात दोनदा तळघर बघायला आला. पण कागदावर सही करायच्या आधी तो कागद वाचून आकडा बोलून घ्या एवढं कळकळीने सांगते. अजून कोणाचे अनुभव असतील तर लिहा, आकड्यांसकट लिहा.

पानगळ
वाचून वाईट वाटलं हो. आमचं घर २०१९ चं, तेव्हा असलं काही अ‍ॅग्रीमेंट वगैरे कोणी मागितलंच नव्हतं, आम्ही फक्त एजंटच्या गाडीत बसलो आणि घरं बघत फिरलो. हे कधीपासून सुरू झालं?

रानवाट
@पानगळ, १७ ऑगस्ट २०२४ पासून. त्यामागे मोठी केस आहे. मिसूरीतल्या घर विकणाऱ्या लोकांनी नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स आणि काही मोठ्या ब्रोकरेजवर दावा लावला की समोरच्या एजंटचं कमिशन आम्हीच का भरायचं, आणि तेही सगळीकडे एकाच साच्यातलं. ३१ ऑक्टोबर २०२३ ला कॅन्सस सिटीच्या ज्युरीने विक्रेत्यांच्या बाजूने निकाल दिला, जवळजवळ १.८ अब्ज डॉलरचा. मग मार्च २०२४ मध्ये असोसिएशनने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि दोन नियम बदलायचं कबूल केलं. एक म्हणजे एमएलएसवर (एजंट लोकांच्या विक्रीच्या घरांच्या सामायिक यादीवर) बायर एजंटला किती देणार हे लिहायचं नाही. दुसरं म्हणजे एजंटबरोबर घर बघायच्या आधी लेखी करार हवाच, त्यात फी किती ते स्पष्ट, आणि कमिशन कायद्याने ठरलेलं नाही, ते बोलून ठरवता येतं असं वाक्य ठळकपणे हवं.

न्यू जर्सीने तर त्याआधीच, १ ऑगस्ट २०२४ पासून, स्वतःचा कायदा आणला. त्यात ब्रोकरशी लेखी करार आणि सेलरने घराच्या अवस्थेचा डिस्क्लोजर फॉर्म भरणं दोन्ही आलं.

लोकांचा गैरसमज असा की आता सेलर पैसे देतच नाही. देतो. फक्त ते आता प्रत्येक ऑफरमध्ये मागावं लागतं आणि नाही मिळालं तर करारात लिहिलेली फी तुमच्या डोक्यावर. उंबरठा यांच्याबाबतीत नेमकं हेच झालं.

मोहर
बाप रे. आम्ही पुढच्या शनिवारी पहिल्यांदा घरं बघायला जाणार आहोत आणि एजंटने कालच असं अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय!! सहा महिन्यांचं आहे, तीन टक्के लिहिलेत. नवरा म्हणतो करून टाक सही, सगळे करतात. मी अजून केलेली नाही. उंबरठा, तुमच्या धाग्यामुळे आज रात्री थांबले. आम्ही सॉमरसेट काउंटीत बघतोय, साडेपाच ते सहा लाखात. तीन टक्के म्हणजे अठरा हजार होतात की!

चौकट
मी स्वतः न्यू जर्सीत लायसन्स असलेला एजंट आहे, नऊ वर्षं झाली. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, आणि दोन्ही बाजू सांगतो.

आधी उंबरठा यांना. तुमच्या वकीलबाई बरोबर सांगतात. आपल्याकडे रिबेट देणं कायदेशीर आहे पण ते ब्रोकरने द्यायचं असतं, नात्याच्या सुरुवातीलाच कागदावर यावं लागतं आणि क्लोजिंगला क्रेडिट किंवा चेकच्या रूपाने द्यावं लागतं. रोख पाकिटात, नंतर गिफ्ट कार्ड, असलं काही नाही. एजंट ज्या ब्रोकरच्या छत्राखाली काम करतो त्याला न विचारता त्याने तुम्हाला शब्द दिला ही त्याची चूक, तुमची नाही.

आता मोहर. तीन टक्क्यांवर सही करू नका, निदान तशीच करू नका. बोला. रागवायचं कारण नाही, आम्हाला सवय आहे बोलण्याची. मी माझ्या बायर्सना जे लिहून देतो ते सांगतो:

फीचा आकडा एकच असतो. आणि त्याखाली ओळ असते की सेलरकडून यापेक्षा कमी मिळालं तर मी तेवढ्यावर समाधान मानीन, फरक बायरकडे मागणार नाही. ही ओळ उंबरठांच्या करारात असती तर ३,१०० वाचले असते. उलट बाजूने, ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त मी कुठूनच घेऊ शकत नाही, सेलरने तीन टक्के देऊ केले तरी अडीच ठरले असतील तर अडीचच. हे तडजोडीतच आहे.

मुदत सहा महिने नको, दोन किंवा तीन ठेवा. पहिल्या शनिवारपुरता तर फक्त त्या दिवसाच्या घरांचा करार होतो, फी शून्य लिहूनही होतो. पटलं तर पुढचा करा. ओपन हाऊसला तुम्ही आपले आपण गेलात तर करार लागत नाही, कोणी दारात कागद पुढे केला तर तो काय आहे ते विचारा. बऱ्याचदा नुसती हजेरी असते, पण विचारा.

रिबेट असेल तर किती टक्के किंवा किती डॉलर, ब्रोकरच्या सहीसकट. आणि करार मोडायचा असेल तर कसा, किती दिवसांची नोटीस.

अजून एक जे लोक चुकतात. आपल्याकडे घराच्या काँट्रॅक्टला तीन कामकाजाच्या दिवसांचा अ‍ॅटर्नी रिव्ह्यू (वकिलाकडून तपासून घ्यायची मुदत) मिळतो. तो घराच्या खरेदीच्या काँट्रॅक्टला. एजंटशी केलेल्या कराराला नाही. तिथे सही झाली की झाली.

काळीमैना
@चौकट तुमचं पटतंय पण मला एक विचारायचंय, आजकाल घर आम्हीच झिलो वेबसाइटवर शोधतो, शाळा आम्ही बघतो, ट्रेनला किती वेळ लागतो ते आम्ही काढतो, एजंट येऊन कुलूप उघडतो आणि पंधरा हजार घेतो, हे जास्त नाही का? माझ्या मनात बरेच दिवस आहे म्हणून विचारते, राग मानू नका.

चौकट
राग कसला ताई. खरं उत्तर देतो. मागच्या वर्षी एका जोडप्याला सात महिने घरं दाखवली, चाळीसच्या वर, बहुतेक शनिवार-रविवार. नऊ ऑफर लिहिल्या. दहावीच्या वेळी त्यांच्या चुलतभावाने लायसन्स काढलं, त्यांनी त्याच्याकडून घेतलं. माझ्या हातात शून्य. त्यांना कमिशनचे पैसे वाचवायचे होते, त्यांच्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं.

उंबरठांच्या घराचे अडीच टक्के म्हणजे पंधरा हजार पाचशे धरा, ते सगळे माझ्या खिशात येत नाहीत. माझा ब्रोकर ३० टक्के ठेवतो, म्हणजे १०,८५० उरतात. त्यातून एमएलएसची फी, विमा, गाडी, आणि त्यावर १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, मग इन्कम टॅक्स. पण हे मी माझी बाजू म्हणून सांगतोय. तुमच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. जो बायर घर स्वतः शोधून येतो, तीन घरं बघतो आणि ऑफर टाकतो त्याच्यासाठी अडीच टक्के जास्तच आहेत आणि त्याने ते म्हणावं. मी अशा लोकांना दीड टक्क्यात किंवा ठरावीक रकमेत काम करून देतो. ज्यांना पहिल्यापासून हात धरून न्यावं लागतं, टाउनशिप पाचदा बदलते, त्यांच्यासाठी जास्त लागतं. काम किती ते बघून पैसे ठरवावेत. इतकी वर्षं ते कोणी ठरवतच नव्हतं.

निळाखडू
टेक्सासकडून लिहितोय, फ्रिस्को-प्रॉस्पर पट्टा. आमच्याकडे रिबेट अगदी उघड चालतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देसी एजंट लिहूनच टाकतात एवढे टक्के परत. नवीन कन्स्ट्रक्शनमध्ये तर सर्रास, कारण बिल्डर एजंटला देतो आणि एजंटला घरं शोधायची नसतातच. मला ४,९०,००० च्या घरावर दीड टक्का म्हणजे ७,३५० क्रेडिट मिळालं, करारात लिहिलेलं होतं आणि सीडीवर जसंच्या तसं आलं.

पण दोन खड्डे सांगतो. पहिला, बिल्डरच्या मॉडेल होमला (नमुन्याच्या घराला) पहिल्यांदा जाताना एजंट बरोबर हवा किंवा त्याचं नाव तिथे नोंदवलेलं हवं. माझा मित्र एका रविवारी मुलांना आइस्क्रीम द्यायला निघाला आणि सहज मॉडेल होम बघून आला, टॅबवर स्वतःचं नाव-फोन टाकून आला. नंतर एजंट आणला तर बिल्डर म्हणाला तुम्ही आधीच आमच्याकडे आलेले, एजंटला काही देणार नाही. त्याचं रिबेट तिथेच बुडालं.

दुसरा, बिल्डरच्या लेंडरचं (लोन देणाऱ्याचं) क्रेडिट. आमचा लेंडर घेतला तर १२,००० क्लोजिंग कॉस्टला देतो म्हणाले. बाहेरच्या लेंडरचा रेट ०.३७५ ने कमी होता. माझं लोन ४,८०,००० च्या जवळ, म्हणजे पहिल्याच वर्षी व्याज १,८०० डॉलरनी जास्त. बारा हजार सहा-सात वर्षांत फिटतात. मी दोन-तीन वर्षांत रिफायनान्स (नवं लोन घेऊन जुनं फेडणं) करीन असा अंदाज होता म्हणून बिल्डरचंच घेतलं, पण हे गणित मांडून घेतलं. बिल्डर क्रेडिटचं आमिष दाखवू शकतो, त्यांचाच लेंडर घ्या अशी सक्ती नाही करू शकत. तीन ठिकाणचे लोन एस्टिमेट (लोनच्या खर्चाच्या अंदाजाचा कागद) घ्या, अर्ज केल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते द्यावंच लागतं.

गोधडी
ओरेगनवाल्यांनो हे वाचून एजंटकडे रिबेट मागू नका, आपल्याकडे बंदी आहे :( अमेरिकेच्या न्याय खात्याच्या वेबसाइटवर यादी आहे, त्यात ओरेगन, मिसूरी, कॅन्सस, टेनेसी, अलाबामा वगैरे राज्यं आहेत. आम्ही हिल्सबरोत घेताना हे माहीत नव्हतं, मी मागितल्यावर एजंट कसनुशी झाली. पण फीच कमी ठरवायला बंदी नाही ना. तिने अडीचचे दोन केले आणि आम्ही ऑफरमध्ये सेलरकडे क्लोजिंग कॉस्टला तेवढं क्रेडिट मागितलं. शेवटी हातात पडलं सारखंच.

मोहर
क्रेडिटबद्दल कोणीतरी नीट सांगा ना. म्हणजे सेलर कितीही क्रेडिट देऊ शकतो का? आणि ते डाऊन पेमेंटला चालेल का? आमच्याकडे डाऊनचे पैसे कसेबसे आहेत, क्लोजिंगचे कुठून आणायचे हाच प्रश्न आहे. आम्ही एच-१बी वर आहोत, एफएचएचं (सरकारी हमीचं लोन) ३.५ टक्के डाऊनवालं बघत होतो.

रानवाट
@मोहर, आधी वाईट बातमी. २५ मे २०२५ पासून एफएचए फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना (आणि अजून एक-दोन गटांना). एच-१बी वर मिळत नाही. जुने ब्लॉग वाचून खूप जण अजून फसतात. कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) लोन मिळतं, ५ टक्के डाऊनने आरामात, पीएमआय (डाऊन कमी असल्यामुळे लागणारा लोनचा विमा) भरावा लागेल.

आता क्रेडिट. सेलर, बिल्डर, एजंट या सगळ्यांकडून मिळून बायरला किती मदत चालते याला लोनप्रमाणे मर्यादा आहे. राहत्या घरासाठी फॅनी मे (लेंडरकडून लोन विकत घेणारी संस्था) हिच्या नियमाने डाऊन १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर किमतीच्या ३ टक्के. १० ते २५ च्या आत असेल तर ६. २५ किंवा जास्त असेल तर ९. भाड्याने द्यायच्या घराला २ च. सेलरने रिवाजाप्रमाणे दिलेलं बायर एजंटचं कमिशन यात धरत नाहीत, हे महत्त्वाचं, नाहीतर सगळ्यांचा घोळ झाला असता. पण एजंट तुम्हाला जे रिबेट देतो ते लेंडर या हिशोबात धरतो, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

डाऊन पेमेंटला हे चालत नाही. क्लोजिंग कॉस्ट आणि प्रीपेडलाच (टॅक्स, विमा वगैरे आगाऊ भरायचं ते). आणि खर्च जेवढा तेवढंच, वरचं हातात मिळत नाही.

उंबरठा
हो हे रानवाट म्हणतायत ते आमचे आकडे देऊन सांगते, म्हणजे मोहरला अंदाज येईल. आमच्या ५,८९,००० च्या लोनला:

लेंडरची फी १,४९५, अप्रेझल (घराचं मूल्यांकन) ६२५, टायटल (मालकीची तपासणी आणि विमा) आणि सेटलमेंट मिळून ३,३०० च्या आसपास, वकील १,६००, रेकॉर्डिंग अडीचशे. हे झालं खरं क्लोजिंग. मग प्रीपेड, जे आम्ही आधी धरलंच नव्हतं. घराचा एक वर्षाचा विमा १,६८०, महिना संपेपर्यंतचं व्याज पंधरा दिवसांचं १,५७३, आणि एस्क्रोत (लेंडरकडच्या राखीव खात्यात) प्रॉपर्टी टॅक्सचे चार महिने ३,८००, विम्याचे तीन महिने ४२०. एकूण १४,७४३.

बघा, अर्ध्याहून जास्त पैसे कुणाची फी नाहीत, ते आपलेच टॅक्स, विमा आणि व्याजाचे आगाऊ भरलेले आहेत. न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्स फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या एक तारखेला असतो, क्लोजिंग कुठल्या तारखेला त्यावर एस्क्रोचे महिने कमी-जास्त होतात.

आमची मर्यादा ३ टक्के म्हणजे १८,६०० होती. समजा आम्हाला सेलरकडून १०,००० मिळाले असते आणि एजंटकडून ६,२००, तर १६,२०० झाले असते, मर्यादेच्या आत. पण खर्चच १४,७४३, म्हणजे १,४५७ डॉलर वाया. ते सेलरकडेच राहतात. तेव्हा उरणार असं दिसलं की आधीच लेंडरला सांगून पॉइंट (रेट कमी करण्यासाठी आगाऊ भरायची रक्कम) घ्या, म्हणजे रेट थोडा खाली येतो, नाहीतर तेवढी किंमत कमी करून घ्या.

पानगळ
पण मग क्रेडिट मागण्यापेक्षा किंमतच दहा हजार कमी केलेली बरी नाही का? माझे मिस्टर नेहमी म्हणतात भाव पाडून घ्यावा.

रानवाट
हातात पैसे असतील तर भाव. नसतील तर क्रेडिट. साडेसहा टक्के रेटला, ५ टक्के डाऊन धरून, दहा हजारांनी भाव कमी झाला तर महिन्याचा हप्ता साठ डॉलरनी कमी होतो, आणि डाऊनमध्ये पाचशे वाचतात. क्रेडिट घेतलं तर आजच दहा हजार वाचतात. नव्या घरात गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत पडदे, फ्रिज, लॉनमोअर, बर्फ काढायचं फावडं यात पैसा कसा जातो ते इथे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा खात्यात काहीतरी उरलेलं हवंच असं माझं मत.

मात्र काही एजंट सुचवतात की भाव दहा हजार वाढवून लिहू आणि दहा हजार क्रेडिट घेऊ. चालतं, पण अप्रेझल त्या वाढवलेल्या भावाला यायला हवं. नाही आलं तर सगळं पुन्हा बोलायला लागतं, आणि तोपर्यंत तुमचं डिपॉझिट अडकलेलं.

सोनचाफा
सेलरच्या बाजूने लिहू का? आम्ही या उन्हाळ्यात एडिसनजवळचं घर विकलं. तीन ऑफर आल्या, एकीत बायर एजंटचे अडीच टक्के मागितलेले, एकीत दोन अधिक सात हजार क्रेडिट, एकीत काहीच नाही पण भाव पंधरा हजार खाली. आमच्या एजंटने एका कागदावर तिन्हींचे शेवटी हातात येणारे आकडे लिहून दिले आणि आम्ही फक्त तो शेवटचा आकडा आणि लोन पक्कं आहे का तेवढंच बघितलं. दोन अधिक सात हजारवाल्यांना दिलं. म्हणून बायर्सना सांगते, मागायला लाजू नका. आम्हाला कोणी किती मागितलं याचं काही वाटलं नाही.

आणि दहा लाखाच्या वर बघणाऱ्यांसाठी, न्यू जर्सीचा तो जो १ टक्का मॅन्शन टॅक्स (महागड्या घरांवरचा) घेणाऱ्यावर होता तो १० जुलै २०२५ पासून विकणाऱ्यावर गेलाय, वीस लाखाच्या वर तर चढत जातो साडेतीन टक्क्यांपर्यंत. माझ्या नणंदेने वेस्ट विंडसरला अकरा लाखाचं त्याआधी दोन महिने घेतलं, ११,००० भरले बिचारीने.

भीमाकाठ
पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे रीसेल फ्लॅटला एजंट दोन्ही बाजूंनी घेतो, एक ते दोन टक्के, आणि तो घेणाऱ्याचा की विकणाऱ्याचा हे कोणी विचारत नाही. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३०,०००. सेलर क्रेडिट हा प्रकार ऐकूनच मौज वाटली, इथे विकणारा फॅनसुद्धा काढून नेतो.
एक विचारायचं होतं. मुलगी डॅलसला आहे, घर घेते आहे, आम्ही इथून मदत पाठवायची म्हटलं तर काय करावं लागतं?

निळाखडू
काका, तुम्ही आणि काकू प्रत्येकी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवू शकता. वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते, ते रिटर्नमध्ये वळतं किंवा परत मिळतं पण तोवर अडकतं, म्हणून मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे असं करता येतं. इकडे मुलीच्या लेंडरला गिफ्ट लेटर लागेल, की हे परत द्यायचं नाहीये, आणि तुमच्या खात्यातून निघाल्याचा कागद. मुलीला वर्षात तुमच्याकडून एक लाख डॉलरच्या वर आले तर तिने ३५२० नावाचा फॉर्म भरायचा, त्यावर टॅक्स नाही पण विसरलं तर दंड जबर आहे. ऐनवेळी पाठवू नका, दीड-दोन महिने आधी पाठवा.

काळीमैना
मोहर, अजून एक. न्यू जर्सीची हाउसिंग अँड मॉर्गेज फायनान्स एजन्सी पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना काउंटीप्रमाणे १०,००० किंवा १५,००० देते, डाऊन किंवा क्लोजिंग दोन्हीला चालतं, पाच वर्षं त्या घरात राहिलं तर माफ होतं. उत्पन्नाची आणि किमतीची मर्यादा आहे, दोघांचा पगार आयटीतला असेल तर बहुधा बसणार नाही, पण एकाचाच पगार असलेल्यांनी जरूर बघा. त्यांच्या यादीतल्या लेंडरकडूनच मिळतं. माझ्या मैत्रिणीला मिळालं, ती डेकेअरमध्ये काम करते.

चौकट
आणि सगळ्यांनी एक करा. क्लोजिंगचे पैसे वायर करायच्या आधी टायटल कंपनीला फोन करून अकाउंट नंबर वाचून घ्या, ईमेलमध्ये दिलेल्या फोनवर नाही, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः शोधून लिहून ठेवलेल्या नंबरवर. शेवटच्या दिवशी वायरची माहिती बदलली आहे असं ईमेल आलं तर ते खोटं आहे असंच धरून चाला.

सीडी क्लोजिंगच्या तीन कामकाजाचे दिवस आधी हातात पडते. ते तीन दिवस वाचण्यासाठीच दिलेले आहेत. लोन एस्टिमेट शेजारी ठेवून ओळ न ओळ लावून बघा, एच सेक्शन आणि तिसरं पान आधी.

रिबेटवर टॅक्स लागतो का असं मला दोघांनी मेसेजमध्ये विचारलंय. ते उत्पन्न धरत नाहीत, घराची किंमत तेवढी कमी झाली असं धरतात.

मोहर
दोन आठवड्यांनी परत आले. चौकटदादांनी सांगितलेलं सगळं एका कागदावर लिहून एजंटशी बोलले. हात थरथरत होते खरं सांगते, त्या आमच्या सोसायटीतल्याच आहेत आणि रोज बसस्टॉपवर भेटतात. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या तीन टक्के हा आमच्या ऑफिसचा छापील फॉर्म आहे, कोणी विचारत नाही म्हणून तसाच जातो. दोन टक्के झाले, सेलरने कमी दिलं तर फरक आमच्याकडे नाही ही ओळ आली, मुदत ९० दिवस. अर्धा टक्का क्लोजिंगला क्रेडिट, ब्रोकरच्या सहीसकट, आज सकाळी आलं. नवऱ्याने स्वतःहून दोनदा वाचलं. लेंडरलाही तेवढ्याचं ईमेल टाकलं, त्यांनी मर्यादेत बसतं म्हणून उत्तर दिलं. परवा शनिवारी तीन घरं बघायला चाललोय, दोन हिल्सबरोला (ओरेगनचं नाही, आमच्या सॉमरसेट काउंटीतलं), एक ब्रिजवॉटरला.

उंबरठा
अगं किती छान! डोळ्यांत पाणी आलं वाचून. शनिवारी पाऊस सांगितलाय, त्याचा फायदा घ्या. तळघरात जाऊन सम्प पंप (साठलेलं पाणी बाहेर काढणारा) चालू होतोय का ते कान देऊन ऐका आणि भिंतीच्या खालच्या कडेला हात लावून बघा ओल आहे का. आम्ही ते केलं होतं आणि एक घर त्यामुळेच सोडलं.